जुन्या ट्रकच्या स्टिअरिंगमधली हॉर्नची वायर



आज पेरणीबद्दल किंवा फवारणीबद्दल बोलायचं नाही. तुमच्या वस्तीच्या कडेला जो जुना ट्रक उभा असतो, त्याच्या हॉर्नबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकून कुणी म्हणेल, हॉर्न वाजला काय अन् न वाजला काय, माल तर पोचतोच ना? पण जरा विचार करा. ऊस भरलेला ट्रक रात्री कारखान्याच्या वाटेला लागलेला आहे. दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचा ऊस उभा आहे आणि वळणापलीकडे बिनदिव्याची बैलगाडी येते आहे. अशा वेळी ड्रायव्हरच्या हाताशी काय असतं? ब्रेक असतात, पण भरल्या गाडीचा ब्रेक दाबल्यादाबल्या गाडी उभी करत नाही. पलीकडच्याला आधी सावध करायला हॉर्नच लागतो.

आपल्याकडे जुने ट्रक तऱ्हेतऱ्हेचे आहेत. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो, १९५४ पासून जमशेदपूरला तयार झालेले टाटा-मर्सिडीज-बेंझ, मद्रासकडचे लेलँड, शिवाय बेडफर्ड. यांतले पुष्कळसे भंगारात गेले. काही मात्र अजून आहेत. कुणी हौसेने जपलेत, तर कुणी शेणखत आणि कडबा ओढायला ठेवलेत. अशा गाडीचं इंजिन दोन-तीनदा उतरलेलं असतं, हौदा नवा बांधलेला असतो, टायर तर कितीदा बदललेत याची गणतीच नसते. पण स्टिअरिंगच्या नळीतून जाणारी हॉर्नची वायर बहुधा जुनीच असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची आठवण कुणाला होत नाही.

त्या काळच्या वायरीला रबराचं आवरण आणि त्यावर सुताची वीण असे. रबर वाळलं की खडबडीत होतं, बोटांनी वाकवलं तर भुगा पडतो. गळीत हंगाम संपल्यावर गाडी चार-सहा महिने उभी राहते, तेव्हा उंदीर-घुशी वायरी कुरतडतात. बटणाच्या फटीतून पावसाचं पाणी नळीत उतरतं आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. मग कधी हॉर्न वाजतच नाही, कधी चाक डावीकडे वळवलं तरच वाजतो, तर कधी मध्यरात्री आपोआप सुरू होतो आणि सगळी वस्ती जागी करतो.

आता हा हॉर्न वाजतो कसा, ते आधी समजून घ्या. एवढं कळलं की पुढचं काम निम्मं सोपं होतं. पुष्कळ गाड्यांत बॅटरीची वीज आधी थेट हॉर्नपर्यंत येते. हॉर्नमधून निघालेली एक वायर स्टिअरिंगच्या नळीतून वर बटणापाशी जाते. बटण दाबलं की तिचं टोक स्टिअरिंगच्या लोखंडाला, म्हणजे चासीला टेकतं आणि फेरा पुरा होतो. अशा गाडीत नळीत एकच वायर असते. तिचं आवरण फाटून ती नळीला टेकली, तर बटण न दाबताच हॉर्न वाजत राहतो. बॅटरी उतरते, हॉर्न जळतो, पण सहसा आग लागत नाही, कारण वीज हॉर्नमधून येऊनच पुढे जाते.

काही गाड्यांत मात्र नळीत दोन वायरी असतात. एकीतून बॅटरीची वीज सरळ बटणापर्यंत येते आणि दुसरीतून हॉर्नकडे जाते. इथे धोका फार मोठा आहे. येणारी वायर लोखंडाला टेकली तर मध्ये अडवणारं काहीच नाही. कित्येक जुन्या गाड्यांत हॉर्नच्या वाटेवर फ्यूजच नसतो, किंवा कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असते. मग वायर लाल होते, आवरण पेटतं, आणि गाडीत कापूस किंवा कडबा असेल तर पुढचं सांगायला नको. पुष्कळशा गाड्यांत ही वाट किल्ली काढली तरी चालूच असते. म्हणजे गाडी गोठ्याशेजारी उभी असतानाही हा धोका टळत नाही. तेव्हा आपल्या गाडीच्या नळीतून एक वायर निघते की दोन, हे आजच खाली वाकून बघून ठेवा.

हॉर्न बंद पडला की गावात एक ठरलेला उपाय होतो. घरातल्या घंटीचं बटण आणायचं, डॅशबोर्डला ठोकायचं, आणि मिळेल ती वायर ओढून हॉर्नला जोडायची. याबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. हॉर्नची जोडी १२ व्होल्टवर साधारण ८ ते १० अँपिअर वीज ओढते. घंटीच्या बटणाच्या पत्र्या तेवढ्यासाठी केलेल्याच नसतात. त्या जळतात, चिकटतात, आणि हॉर्न बंदच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणीकुणी वायर स्टिअरिंगच्या दांड्याला बाहेरून गुंडाळून वर चाकापर्यंत नेतात. दांडा फिरला की वायर त्याच्याभोवती आवळत जाते. घाटातल्या वळणावर ती पेडलमध्ये किंवा दांड्याच्या जोडात अडकली, तर चाक अर्ध्यातच थांबेल. हॉर्न नसलेली गाडी एक वेळ सावकाश चालवून घरी आणता येते, चाक अडकलेली गाडी आणता येत नाही. अशी वायर तुमच्या गाडीवर असेल तर पुढच्या फेरीआधी ती काढून टाका.

दोष कुठे आहे ते ठरवल्याशिवाय चाकाला पाना लावू नका. एक वायरीच्या गाडीत परीक्षा अगदी सोपी आहे. हॉर्नपाशी जा. त्यावर दोन टोकं असतात, एकाला बॅटरीकडून येणारी आणि दुसऱ्याला बटणाकडे जाणारी वायर. बटणाकडची वायर काढा आणि वायरीच्या एका तुकड्याने ते मोकळं टोक चासीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागी क्षणभर टेकवा. हॉर्न खणखणीत वाजला तर हॉर्न आणि त्याला येणारी वीज ठीक आहे, आणि दोष बटणात किंवा नळीतल्या वायरीत आहे. वाजला नाही तर नळी उघडण्यात काही अर्थ नाही. आधी फ्यूज, हॉर्नचा जोड आणि हॉर्न पाहा. हॉर्न सतत वाजत असेल, तर नळीच्या खालच्या टोकाचा जोड सोडा. आवाज थांबला की समजा, वायर आत कुठेतरी उघडी पडली आहे.

तिसरं एक कारण फसवं असतं. वायर चांगली असते, बटण चांगलं असतं, पण स्टिअरिंगचा दांडा चासीशी विजेने जोडलेला राहत नाही. काही गाड्यांत दांड्याच्या मध्ये रबराची किंवा कॅनव्हासची चकती असते. तिच्यावरून तांब्याची छोटी पट्टी टाकलेली असते, ती तुटली की बटणाला अर्थ मिळत नाही. बटणाखालचा धातू आणि चासी यांना तात्पुरती वायर लावून बटण दाबा. हॉर्न वाजला तर ती पट्टी नवी बसवा, बाकी काही करायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना दगड लावा, आणि पुढची चाकं अगदी सरळ ठेवा. मग बॅटरीची चासीला जाणारी वायर सोडा. ही वायर नेहमी ऋण टोकाचीच असते असं धरून चालू नका. पुष्कळ जुन्या विलायती गाड्यांत धन टोक चासीला जोडलेलं असे. बॅटरीवरची खूण बघा, आणि ६ व्होल्ट, १२ व्होल्ट की २४ व्होल्ट तेही बघून लिहून ठेवा. ६ व्होल्टच्या गाडीला कुणी पुढे १२ ची बॅटरी बसवली असेल आणि हॉर्न जुनाच असेल, तर वारंवार हॉर्न जळण्याचं कारण तिथेच सापडेल.

हे सगळं जुन्या, साध्या चाकाच्या गाडीबद्दल चाललं आहे. ज्या नव्या गाडीच्या चाकात एअरबॅग असते, तिच्या चाकाला घरी हात लावायचा नाही. ती फुगवणारी दारू अवचित पेटली तर माणूस जखमी होतो.

बटणाचं टोपण काही गाड्यांत दाबून फिरवल्यावर निघतं, काहींत मागून स्क्रू असतात. टोपणाखाली स्प्रिंग, पितळी वाटी आणि एक-दोन फायबरच्या चकत्या मिळतील. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने धडप्यावर ओळीने मांडा. ती फायबरची चकती क्षुल्लक दिसते, पण वायरीचं टोक आणि चाकाचं लोखंड यांच्यामधली भिंत तीच आहे. ती फुटलेली असेल तर नवीच घ्या. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालण्याची पद्धत आहे, पण उन्हाने तो कडक होतो आणि हंगाम संपायच्या आत फाटतो.

काही गाड्यांत एवढ्यावरच वायर ओढता येते, चाक काढावंच लागत नाही. काढावं लागलं तर चाकावर आणि दांड्यावर छिन्नीने एका रेषेत बारीक खूण करा. मधलं नट सैल करा, पण पुरतं काढू नका, चार आटे राहू द्या. मग पुलर लावून चाक ओढा. नट तसंच ठेवलं म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही. पुलर नसेल तर गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा, पण दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नका. त्या घावाने वरचे आटे बसतात, आणि खाली स्टिअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगला मार लागतो तो वेगळाच. हॉर्नच्या वायरीपायी स्टिअरिंग बॉक्स खराब करून घेणं हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

वायर खाली कशी जाते याच्या मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. विलायती धाटणीच्या अनेक गाड्यांत पोकळ दांड्याच्या आतून आणखी एक बारीक नळी जाते. ती चाकाबरोबर फिरत नाही, आणि वायर तिच्यातून थेट स्टिअरिंग बॉक्सच्या तळाशी बाहेर पडते. तळाला त्या नळीला आवळणारं एक नट असतं. ते सैल केलं की बॉक्समधलं जाड तेल गळू लागतं. शक्यतो त्या नटाला हात न लावता फक्त आतली वायर बदला. नट सोडावंच लागलं तर खाली घमेलं ठेवा, आणि काम झाल्यावर बॉक्समध्ये तेलाची पातळी पुरी करा. तेल भरायचं विसरलं तर स्टिअरिंग महिन्या-दोन महिन्यांत जड होतं, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरला कारण कळत नाही.

दुसरी तऱ्हा जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपमध्ये पाहायला मिळते, आणि काही ट्रकमध्येही असते. तिथे बटणाची वायर दांड्यातून थोडीच खाली येते आणि दांड्यावर बसवलेल्या पितळी कड्याला जोडलेली असते. बाहेरच्या नळीवर एक छोटा ब्रश स्प्रिंगने त्या कड्याला टेकून राहतो, आणि पुढची वायर त्या ब्रशपासून निघते. चाक एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजतो, ही तक्रार बहुधा अशाच गाडीची. कडं काळं पडलेलं असतं किंवा ब्रश झिजलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने कडं उजळा, ब्रश बदला. ग्रीस थापू नका. त्यात धूळ बसते आणि पुन्हा तेच दुखणं सुरू होतं.

नवी वायर कोणती घ्यावी? घरात भिंतीत घालतात ती एकाच जाड तारेची वायर इथे नको. गाडीच्या हादऱ्यांनी ती आत तुटते आणि वरून कळतही नाही. मोटारीच्या वायरिंगची, अनेक बारीक तांब्याच्या तारांची, दीड चौरस मिलिमीटरची लवचीक वायर घ्या. लांबी मोजताना दोन्हीकडे वीतभर जास्त धरा. नळीच्या आत जोड अजिबात ठेवायचा नाही, वरपासून खालपर्यंत वायर अखंड पाहिजे.

जुनी वायर अजून सलग असेल तर तीच नव्या वायरीची वाटाडी. दोन्हीची टोकं चार बोटं सोलून एकमेकांत पिळा, वरून टेप घट्ट आणि निमुळती गुंडाळा, म्हणजे गाठ अडकणार नाही. नव्या वायरीला साधी अंगाला लावायची पावडर चोळा. तेल लावू नका, तेलाने आवरण फुगतं. मग एकाने वरून वायर सोडायची आणि दुसऱ्याने खालून सावकाश ओढायची. हिसका द्यायचा नाही. जुनी वायर आतच तुटलेली असेल तर सायकलच्या ब्रेकची आतली तार उपयोगी पडते. ती वरून सरकवा, खाली टोक दिसलं की नवी वायर तिला बांधा आणि वर ओढून घ्या.

वायर जिथे पत्र्यातून किंवा नळीतून बाहेर पडते तिथे रबरी बुश हवंच. पत्र्याची कड वायरीला सुरीसारखी कापते. वरच्या टोकाला लग बसवा आणि डाग द्या. नुसतं पिळून टेप लावलेलं टोक बटणाखाली टिकत नाही.

आता रिलेबद्दल. जुन्या कित्येक गाड्यांत हॉर्नची सगळी वीज बटणातून जाते, म्हणूनच बटणाच्या पत्र्या जळतात. रिले बसवला की बटणातून फक्त रिलेपुरती, अँपिअरच्या पाचव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी वीज जाते. नळीतल्या वायरीवरचा भार जातो आणि हॉर्नचा आवाज बहुधा सुधारतो. बाजारात मिळणाऱ्या चार टोकांच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात. बॅटरीची वायर आधी १५ अँपिअरच्या फ्यूजमधून आणून ३० या टोकाला लावा. ८७ या टोकापासून हॉर्नकडे अडीच चौरस मिलिमीटरची वायर न्या, आणि हॉर्नचं दुसरं टोक चासीला जोडा. ८६ ला फ्यूजनंतरची वीज द्या आणि ८५ ला नळीतून आलेली बटणाची वायर जोडा. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितकी पुढची वायर सुरक्षित. गाडी २४ व्होल्टची असेल तर रिलेही २४ चाच हवा. धन टोक चासीला असलेल्या गाडीत, ज्या रिलेच्या आत डायोड असतो तो लावू नका. रिलेवरच्या आकृतीत तशी बाणाची खूण दिसते. साधा रिले चालतो.

दोन वायरींच्या गाडीतसुद्धा रिले लावताना एकच वायर बटणापर्यंत न्यावी आणि बटणाने ती चासीला टेकवावी असं माझं मत आहे. मात्र त्यासाठी बटणाची रचना तशी हवी, आणि ते वायरमनला दाखवून ठरवा. ते जमत नसेल तर दोन्ही वायरी नव्या घाला. पण फ्यूजवाचून बॅटरीची वायर नळीत शिरता कामा नये.

चाक खुणेवर खूण बसवून घाला. नट पूर्ण आवळा, लॉक वॉशर किंवा खीळ असेल तर ती नवी लावा. हे काम घाईचं नाही. नट ढिलं राहिलं तर चाक हातात येईल. मग बॅटरी जोडा आणि चाक डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत दोन-तीन वेळा फिरवा. दर पाव फेऱ्याला बटण दाबून पाहा. प्रत्येक ठिकाणी हॉर्न वाजला पाहिजे, आणि बटण सोडल्यावर कुठेही वाजता कामा नये. दुसऱ्याने त्या वेळी खाली बसून वायर कुठे ताणते, घासते किंवा पेडलजवळ लोंबते का ते पाहावं. इंजिन चालू करून पुन्हा एकदा हेच करा, कारण काही दोष हादरे बसल्यावरच दिसतात. गाडी आधी रिकामी, मोकळ्या रानात फिरवून आणा. माल त्यानंतर भरा. आठ दिवसांनी नटाला परत एकदा पाना लावून बघा.

आवाजाबद्दल थोडंसं. नवीन वायर घातल्याच्या आनंदात कुणी चार सुरांचा भोंगा बसवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे असा अनेक सुरांचा हॉर्न चालत नाही, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १००० रुपये, पुढच्या वेळी २००० रुपये दंड आहे. शिवाय अशा भोंग्याने बैल बुजतात आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी होते. माल वाहणाऱ्या, आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी असते. तिथेही साधा, एका सुराचा आणि बटण दाबताच वाजणारा हॉर्नच पाहिजे असतो.

हे काम दोन माणसांचं आणि अर्ध्या दिवसाचं आहे. उसाची तोड सुरू झाल्यावर गाडी अर्धा दिवसही मोकळी मिळत नाही. तेव्हा पोळा झाला की गाडी झाडाखालून बाहेर काढा, नळीच्या तळाशी हात घालून वायर चाचपा, आणि बोटांना रबराचा भुगा लागला तर दसऱ्याच्या आत नवी वायर घालून घ्या.